सायरन बंद करून या!

रुग्णवाहिका बोलावणारा माणूस घाबरलेला असतो, हे कोणीही सांगेल. तो संकोचलेलाही असतो, हे मात्र रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांनाच ठाऊक. घरातल्या कर्त्या माणसाच्या छातीत कळ आलेली असते, अंगाला दरदरून घाम फुटलेला असतो. दूरध्वनीवर पत्ता सांगून होतो आणि मग आवाज एकदम खाली येतो, 'तेवढा सायरन बंद करून या हं. सोसायटीत उगाच चर्चा नको.' आपत्कालीन वैद्यकीय सेवेत वर्ष-दोन वर्षे काढलेल्या कोणालाही विचारावे, ही विनंती त्याने ऐकलेली असतेच. काही जण तर गाडी कोपऱ्यावरच थांबवावयास सांगतात आणि रुग्णाला तिथवर चालवत आणण्याची तयारी दाखवतात. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला चार पावलेही चालवू नयेत, हे त्या घाईत कोणाच्या गावी नसते.

रुग्णवाहिकेवरच्या माणसांचे किस्से रंगतात ते असे. ऐकणारा पोट धरून हसतो. पण त्यातला प्रत्येक किस्सा जरा खरवडून पाहिला तर खाली हरवलेली काही मिनिटे सापडतात, आणि ही मिनिटे बहुधा रस्त्यावरच्या वाहतूक कोंडीत हरवलेली नसतात. ती घरात, जिन्यात, देवघरासमोर आणि कपाटातली विम्याची फाइल शोधण्यात गेलेली असतात.

मुळात या माणसांना म्हणावे काय, येथूनच गोंधळास प्रारंभ होतो. इंग्रजीत 'पॅरामेडिक' म्हणजे रुग्णालयाबाहेर, घटनास्थळी उपचार करण्याचे खास शिक्षण घेतलेला माणूस. मराठीत 'निमवैद्यकीय कर्मचारी' हा शब्द रूढ झाला. पण त्यात प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञापासून क्ष-किरण काढणाऱ्यापर्यंत सगळेच येतात. शिवाय 'निम' म्हटले की अर्धामुर्धा असा भास होतो तो वेगळाच. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली तेव्हा गाडीवर डॉक्टर नेमण्याची पद्धत स्वीकारली गेली. यातले बरेचसे डॉक्टर आयुर्वेद वा होमिओपॅथीचे पदवीधर. खासगी आणि रुग्णालयांच्या गाड्यांवर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतात. नातेवाइकांना या भेदांशी काही देणेघेणे नसते. गाडी यायला उशीर झाला की तोच माणूस 'अहो ॲम्ब्युलन्सवाले' असतो, सुई टोचताना 'कंपाउंडर' असतो, रुग्णाने डोळे उघडले की 'डॉक्टरसाहेब' होतो आणि रुग्णालयात दाखल करून झाल्यावर 'देवमाणूस'. चालकाची गंमत आणखी निराळी. १०८ सेवेत चालकाला अधिकृतपणे 'पायलट' म्हणतात. मुलीकडच्या मंडळींना त्याचा खुलासा वेळीच करावा लागतो, असे हे पायलट स्वतःच हसत सांगतात.

रुग्णवाहिका दारात येण्याचा संकोच मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला इतिहास आहे. आपल्याकडे कित्येक वर्षे रुग्णवाहिका आणि शववाहिका यांत लोकांच्या मनात फारसे अंतर नव्हते. गणेशोत्सव मंडळाने किंवा एखाद्या ट्रस्टने घेतलेली गाडी दोन्ही कामे करी. तिच्या अंगावर देणगीदाराचे नाव ठसठशीत आणि 'रुग्णवाहिका' हा शब्द उरलेल्या जागेत, हे दृश्य आजही दुर्मीळ नाही. आत एक बाक, एक स्ट्रेचर आणि नशीब चांगले असेल तर प्राणवायूचा सिलिंडर. अशी गाडी दारात उभी राहिली की शेजारी चपला घालूनच बाहेर येत.

हा केवळ भारतीय मागासलेपणा म्हणावा, तर अमेरिकेची कथाही वेगळी नव्हती. तेथे १९६० च्या दशकापर्यंत सुमारे निम्म्या रुग्णवाहिका अंत्यविधी करणाऱ्या संस्थांच्या मालकीच्या होत्या. कारण साधे होते. आडवा झोपलेला माणूस मावेल अशी मोटार त्यांच्याकडेच असे. रुग्ण वाचला तर गाडीभाडे मिळे आणि न वाचला तरी गिऱ्हाईक हातचे जात नसे. पिट्सबर्ग शहरात तर आजाऱ्याला पोलिसांच्या गाडीत टाकून नेत. तेथेच १९६७ मध्ये 'फ्रीडम हाउस' नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. डॉ. पीटर साफार या भूलतज्ज्ञाने हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील बेरोजगार तरुणांना हाताशी धरले आणि शेकडो तासांचे प्रशिक्षण देऊन त्यांना घटनास्थळी उपचार करावयास शिकविले. ज्यांना शहरात कोणी नोकरी देत नव्हते, ते तरुण आधुनिक पॅरामेडिकचे आद्य पूर्वज ठरले. काही गौरवर्णीय रुग्ण त्यांचा हात अंगाला लागू देत नसत. श्वास कोंडला की मग देत. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद पडले. जगभरच्या पॅरामेडिकांच्या कुळाचा इतिहास असा उपेक्षेतून सुरू होतो.

भारतात या सेवेला शिस्तबद्ध रूप येण्यास २००५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मुंबईत १२९८ क्रमांकाची खासगी सेवा सुरू झाली आणि १५ ऑगस्टला हैदराबादेत १०८ ची. महाराष्ट्राच्या १०८ मध्ये आरंभी ९३७ गाड्या होत्या; त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक प्रणालीने सज्ज, उरलेल्या प्राथमिक. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईच्या गल्लीबोळांसाठी मोटारसायकल-रुग्णवाहिका आल्या.

सबंध राज्याचे दूरध्वनी पुण्यातल्या एका नियंत्रण कक्षात येऊ लागले, आणि महाराष्ट्राच्या भूगोलाचा एक विनोदी पैलू उजेडात आला. 'कुठून बोलताय?' या प्रश्नाला 'शिवाजीनगर' असे उत्तर आले तर काय करावे? राज्यातले बहुधा एकही गाव असे नाही की जेथे शिवाजीनगर, गांधी चौक किंवा स्टेशन रोड नाही. बोलणारा 'वडगाव' म्हणाला तर एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ, वडगाव शेरी आणि वडगाव बुद्रुक हजर असतात. 'जवळची खूण सांगा' म्हटले की 'मारुतीचे देऊळ' येते. यावर आणखी विचारणा झाली की पलीकडचा माणूस चिडतो, 'अहो, इथे कोणालाही विचारा, सांगतील!' त्याच्या जगात हे अगदी खरे असते. पन्नास वर्षे टपाल त्याच पत्त्यावर आलेले असते. पण रात्री अडीच वाजता विचारावे असा 'कोणीही' रस्त्यावर नसतो, एखादे कुत्रे असते आणि ते गाडीच्या मागे लागलेले असते. आता मोबाइलवरून ठिकाण पाठवण्याची सोय आहे. तरी घाबरलेल्या माणसाच्या बोटांना तेवढे सुचत नाही. अनुभवी कर्मचारी म्हणूनच एकच गोष्ट सांगतात, की पत्ता समजावत बसू नका, एक माणूस नाक्यावर उभा करा.

गाडी दारात पोहोचली तरी रुग्ण निघेलच असे नाही. छातीत दुखणाऱ्या मध्यमवर्गीय पुरुषाची ठरलेली तक्रार 'ॲसिडिटी' ही असते. सोडा घेऊन झालेला असतो, ओवा चावून झालेला असतो, कोणीतरी पाठ चोळून दिलेली असते. हृदयालेखाच्या पट्टीवर झटक्याची खूण स्पष्ट दिसत असताना रुग्ण मात्र कालच्या मिसळीवर दोषारोप करीत असतो. निघायचे ठरलेच तर आधी अंघोळ. 'रुग्णालयात असं पारोशानं कसं जायचं?' हा प्रश्न त्याला अत्यंत रास्त वाटतो. अंघोळ झाली की इस्त्रीचा सदरा, मग देवाला नमस्कार, मग मेडिक्लेमच्या कागदांचा शोध. तोवर हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटलेलाच असतो आणि तो स्नायू दर मिनिटाला थोडाथोडा मरत असतो. रक्तवाहिनीतली गुठळी जितक्या लवकर निघेल तितका स्नायू वाचतो. रुग्णालयात गेल्यावर दीड तासाच्या आत ती काढावी, असा दंडक डॉक्टर पाळू पाहतात. त्या दीड तासाचे घड्याळ रुग्णालयाच्या दारात सुरू होते, घरच्या न्हाणीघरात नाही.

जुन्या वाड्यात आणि चाळीत वरच्या मजल्यावरून रुग्ण खाली आणणे हा स्वतंत्र प्रकार. अरुंद लाकडी जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. मग स्वयंपाकघरातली खुर्ची येते, रुग्णाला तिच्यावर बसवून चादरीने बांधले जाते आणि चार शेजारी ती उचलतात. पुढचा म्हणतो 'डावीकडे', मागच्याचे डावे वेगळे. प्रत्येक मजल्यावर दारे उघडतात, 'काय झालं हो काकांना?' आणि वरातीतल्या नवरदेवासारखे काका स्वतःच प्रत्येकाला 'काही नाही, जरा ॲसिडिटी' म्हणत खाली येतात. या चाळकऱ्यांची चेष्टा कर्मचारी करतात, पण कौतुकानेही. बंद दारांच्या उंच इमारतीत खुर्ची उचलायला चार हात मिळवणे अधिक अवघड असते आणि तेथील लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेल याचीही शाश्वती नसते.

फेफरे आलेल्या माणसाभोवती जमलेली गर्दी हे या क्षेत्रातले सर्वाधिक हास्यकारक आणि सर्वाधिक संतापजनक दृश्य. रुग्णवाहिका येईपर्यंत कोणी कांदा फोडून नाकाला लावलेला असतो, कोणी मुठीत लोखंडी किल्ली कोंबलेली असते आणि कोणी उदार मनाने स्वतःची चप्पल हुंगवीत असतो. चप्पल चामड्याचीच हवी, असे एक जाणकार बजावतो आणि गर्दीत तशी चप्पल कोणाच्या पायात आहे याची पाहणी सुरू होते. यातली खरी मेख अशी की हा उपाय बहुतेक वेळा 'लागू पडतो'. फेफऱ्याचा झटका साधारणतः दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतो. कांदा फोडायला, चप्पल शोधायला तेवढाच वेळ लागतो. झटका थांबतो, श्रेय चपलेला जाते आणि जाणकाराचे शास्त्र आणखी एका पिढीसाठी पक्के होते. शुद्धीवर येणाऱ्या बिचाऱ्याला मात्र डोळे उघडताच समोर पंधरा चेहरे आणि एक पादत्राण दिसते. येथवर हसता येते. परंतु दातखीळ सोडवण्यासाठी तोंडात चमचा घातला जातो किंवा पाणी ओतले जाते तेव्हा दात तुटतो, पाणी श्वासनलिकेत जाते. रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तो गंभीर. घड्याळ पाहणारा माणूस त्या गर्दीत क्वचितच असतो.

एकादशी, चतुर्थी आणि नवरात्र या दिवसांची नोंद रुग्णवाहिकेवरची जुनी मंडळी मनाशी ठेवून असतात. मधुमेही आजी निर्जळी उपास धरतात, पण सकाळची गोळी किंवा इन्सुलिनची सुई मात्र नेमाने घेतात. दुपारपर्यंत रक्तातली साखर उतरते. आजी आधी चिडचिड करतात, मग असंबद्ध बोलतात, मग घामाघूम होऊन निपचित पडतात. कोणाला वाटते अर्धांगवायू, कोणाला वाटते अंगात आले. बोटावरच्या रक्ताच्या एका थेंबाने निदान होते, शिरेतून ग्लुकोज जाते आणि काही मिनिटांत, ज्यांच्यासाठी सून हुंदके देत होती त्या आजी उठून बसतात. वैद्यकशास्त्रात इतका झटपट आणि इतका नाट्यमय उपचार दुसरा क्वचितच असेल. नवख्या कर्मचाऱ्याला तेव्हा आपण खरोखरच धन्वंतरी आहोत असे वाटू लागते. आजींचा पहिला प्रश्न त्याला जमिनीवर आणतो, 'म्हणजे माझा उपास मोडला का रे?' शिरेतून घेतलेले उपासाला चालते की नाही, यावर मग घरात चर्चा झडते. ती चालू असतानाच खरा पेच उभा राहतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा अंमल दिवसभर टिकतो, साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून आजींना देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते. ठणठणीत बरे वाटणाऱ्या माणसाला रुग्णालयात चला म्हणणे हे बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणण्यापेक्षा कठीण काम आहे.

गाडीतच पाळणा हलतो तेव्हाची धांदल वेगळी, आणि तिचा शेवट बहुधा पेढ्यांनी होतो. कळा वाढल्या, रुग्णालय अजून दूर, म्हणून गाडी कडेला घेतली जाते. आत एक तरुण डॉक्टर आणि सोबत आलेली सासू. डॉक्टर हातमोजे चढवीत असतो आणि सासूबाई त्याला आपादमस्तक न्याहाळून विचारतात, 'लग्न झालंय का तुमचं?' 'नाही' या उत्तरावर त्या पदर खोचतात आणि सूत्रे हाती घेतात. बाळाला कोरडे करून आईच्या उराशी धरले, नाळ नीट बांधली आणि रडणे कानी आले, की गाडीबाहेर उभा पायलटही डोळे पुसतो. त्यालाही कायद्याने स्थान आहे बरे! जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याखालील नियमांनुसार धावत्या वाहनात मूल जन्मले तर वाहनाच्या प्रभारी व्यक्तीने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी त्याची माहिती द्यायची असते.

रस्त्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. शहरातला वाचक तो रोज पाहतो. गणपती विसर्जनाच्या दिवशी ढोलताशा थांबवून लक्ष्मी रस्त्यावरची दाट गर्दी क्षणार्धात दुभंगते आणि गाडी गेल्यावर पुन्हा मिटते, हेही खरे आणि एरवी त्याच शहरात सायरन ऐकून लोक जागचे हलत नाहीत, हेही खरे. एक जमात मात्र सर्वत्र आढळते. रुग्णवाहिकेला मोकळा रस्ता मिळाला की तिच्या मागोमाग चार मोटारी आणि दहा दुचाकी सुसाट सुटतात. गाडीने अचानक गचका खाल्ला तर ही मंडळी सर्वप्रथम आत येतील, आणि तीही रुग्ण म्हणून, असा पायलटांचा आवडता विनोद आहे. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने आपत्कालीन वाहनाला वाट न देणाऱ्यास १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास ठरविला आहे. पाठलाग करणाऱ्यांनी तो वाचलेला नसावा.

इतक्या वेदना पाहणारी माणसे हसतात कशी, असा प्रश्न सभ्य घरांतून विचारला जातो. सिग्मंड फ्रॉइडने १९२७ मध्ये विनोदावर लिहिलेल्या निबंधात, सोमवारी सकाळी फासावर जाताना आठवड्याची सुरुवात झकास झाली असे म्हणणाऱ्या कैद्याचे उदाहरण दिले आहे. भोगणे चुकत नाही तेव्हा मन निदान त्याला शरण जाण्याचे नाकारते, असा त्याचा रोख. रुग्णवाहिकेवरचा विनोद याच जातीचा. आणि त्याला नियम आहेत. नातेवाइकांदेखत हसायचे नाही. रुग्णाच्या अंगावर, जातीवर, गरिबीवर विनोद करायचा नाही. हसायचे ते बहुधा स्वतःवर, परिस्थितीवर आणि पहिला घास घेताच येणाऱ्या कॉलवर. वडापावचा कागद सोडला की दूरध्वनी वाजतो, यावर या क्षेत्रात दुमत नाही. 'आज कसं शांत आहे नाही?' असे उद्गारणाऱ्या नव्या मुलाकडे सगळे ज्या नजरेने पाहतात, ती नजर तो पुन्हा विसरत नाही. भल्याभल्या विज्ञाननिष्ठ डॉक्टरांनीही ही एक अंधश्रद्धा जपलेली दिसते.

लहान मुलांचे कॉल या गप्पांत कधीच येत नाहीत. त्या पाळीनंतर चहाच्या टपरीवर सगळे क्रिकेटविषयी बोलतात, किंवा कोणीच काही बोलत नाही. परदेशांत अशा कर्मचाऱ्यांसाठी मानसिक आधाराची व्यवस्था हळूहळू उभी राहिली. आपल्याकडे ते काम अजून बरेचसे ती टपरीच करते. बहुतेकांची नोकरी कंत्राटी. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यामुळे अशा अनेक व्यवसायांना प्रथमच वैधानिक चौकट मिळाली. तिचा लाभ धावत्या गाडीपर्यंत पोहोचण्यास अद्याप वेळ आहे.

आणि एक कॉल असा असतो की त्यावर सुरुवातीला सगळे हसतात. रात्री अकराच्या सुमारास मोठ्या सदनिकेतून एका वृद्ध गृहस्थांचा दूरध्वनी येतो, छातीत दुखते. गाडी पोहोचते तेव्हा दार उघडेच असते, दिवाणखान्यात दिवे लावलेले असतात. हृदयालेख व्यवस्थित, रक्तदाब उत्तम. मुलगा सिएटलला असतो, सून-नातवंडांची छायाचित्रे भिंतीवर असतात आणि टेबलावर झाकण ठेवलेले तीन कप चहा असतात. महिन्याभरात हा तिसरा कॉल. पहिल्या वेळी पायलट गालातल्या गालात हसला होता, दुसऱ्या वेळी वैतागला होता. कारण तेवढा वेळ ती गाडी दुसऱ्या कोणाला मिळत नाही. 'काका, असं उगाच बोलवायचं नाही' हे वाक्य त्याने जिन्यात तयारही करून ठेवलेले असते. पण चौथा कॉल खरा असू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी जावेच लागते, प्रत्येक वेळी छातीला तारा लावाव्याच लागतात. डॉक्टर कागदावर 'रुग्ण स्थिर, स्थलांतरास नकार' असे लिहून सही घेतो. काका चष्मा शोधून सावकाश सही करतात, बिस्किटांची बशी पुढे सरकवतात आणि पायलटला त्याच्या गावाचे नाव विचारतात. तो सांगतो, वडगाव. काका विचारतात, कोणते?